आईचा अडकित्ता

आमच्या आळीत संध्याकाळी कट्ट्यावर पाच-सहा माणसे बसतात. त्यात एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हरमामा असतात. बोलणे कुठूनही सुरू झाले तरी शेवटी मामांच्या तोंडून एक प्रश्न निघतोच आणि त्याचे उत्तर कुणाला देता येत नाही. मागे एकदा त्यांनी विचारले, "काय हो ताई, आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर दिवसाला विमाने किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका विमानात माणसे सत्तर. तेवढ्यासाठी चौकट, यंत्र, पोलीस, पट्टा काढा, खिसे रिकामे करा! आणि आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री हजारावर माणसे घेऊन मुंबईला जाते. तिथे कुणी पिशवीला हात लावत नाही. मग जीव काय फक्त विमानातल्या माणसालाच असतो?"

सगळे हसले. मलाही हसू आले, पण प्रश्न मनात राहिला. कारण त्याच्या थोडेच दिवस आधी मी माझ्या म्हाताऱ्या आईला घेऊन त्या चौकटीतून गेले होते, आणि तिथे जे घडले ते मी कुणाला सांगितले नव्हते. आज ते सांगते.

आधी विमानतळाविषयी थोडे. सोलापूरकरांना ते सांगायला नको, पण हे साप्ताहिक बाहेरगावीही जाते. आमचा विमानतळ जुना आहे. मध्ये काही काळ मुंबईचे विमान येत होते, ते बंद पडले. पुढे सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या उंच चिमणीचा वाद कित्येक वर्षे चालला. विमान हवे की चिमणी, यावरून घराघरांत दोन तट पडले. ऊस घालणारा शेतकरी आणि कारखान्यातला कामगार एकीकडे, विमान हवे म्हणणारे दुसरीकडे. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नव्याने बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ पासून गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून मुंबईचे. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या आमच्या गावात आता डोक्यावरून विमान जाते. पोरे अजूनही अंगणात येऊन हात हलवतात.

माझा धाकटा मुलगा गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याला मुलगी झाली. आईला पणतीचे तोंड बघायचे होते. ऐंशी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले. रात्रभर बसमध्ये ती बसू शकली नसती. मुलाने पगारातून पैसे बाजूला टाकून दोन तिकिटे काढली. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, मी शाळेचे गणवेश शिवले. आमच्या घरात विमानात बसणाऱ्या आम्ही दोघी पहिल्याच.

दोन दिवस आधी तयारी सुरू झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बाळासाठी माझ्या हातची दुपटी. मुलाने फोनवर बजावले होते की कात्री, सुरी, सुया जवळच्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका. मी माझी शिवणाची कात्री आठवणीने मोठ्या बॅगेत टाकली. चटणीही तिथेच ठेवली. आईच्या कनवटीचा मात्र मला विसर पडला.

विमानतळावर मोठी बॅग दिली, ती आत गेली. मग आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. माझी पिशवी पट्ट्यावरून यंत्रात गेली, मी चौकटीतून पार झाले. आई चौकटीत आली आणि यंत्र वाजले. वर्दीतली एक तरुण मुलगी पुढे आली. "आज्जी, या इकडं, पडद्याच्या आत या," म्हणाली. तिने हातातले यंत्र आईच्या कमरेजवळ नेले, ते पुन्हा वाजले. "आज्जी, कमरेला काय आहे?"

आईने लुगड्याचा पदर घट्ट धरला. चेहरा पार बदलला. मोठ्याने म्हणाली, "हात लावू नको! मी काय चोरी केलीया? मला न्हाई जायाचं तुज्या इमानात!"

रांगेतली माणसे बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आई कशामुळे बिथरली ते मला ठाऊक होते. त्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते.

माझे वडील गिरणीत होते. गिरणीचे नाव सांगत नाही, त्या गिरणीचे आता दगडही राहिले नाहीत. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची. रांगेत उभे राहायचे, हात वर करायचे, गेटवाला अंग चाचपायचा. डबा उघडून दाखवायचा. उरलेल्या भाकरीचा तुकडासुद्धा उलटून बघायचे. कामगार सूत चोरून नेतो, असे आधीच धरलेले. त्याच गेटमधून साहेबांची मोटार यायची, तेव्हा गेटवाला सलाम करून बाजूला व्हायचा. मोटारीचा दरवाजा कधी उघडला गेला नाही.

एके दिवशी वडिलांच्या खिशात हात पुसायचा सुताचा बोळा निघाला. तेलाने काळा झालेला, कुणी फुकट दिला तर घेणार नाही असा. तेवढ्यावरून त्यांना गेटच्या बाजूला उभे केले. दुसरी पाळी आत जाईपर्यंत उभे ठेवले. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता. त्यांचा वेळ झाला तरी ते आले नाहीत म्हणून आई शोधत गेली, आणि तिने ते बघितले. वडील घरी आले, जेवले नाहीत. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोललेही नाहीत. आईच बोलायची, तेही त्यांच्या माघारी. म्हणायची, "गरिबाच्या अंगाला कुणीबी हात लावावा."

त्या पडद्यामागे आईला ती वर्दीतली मुलगी दिसतच नव्हती. तिला गेटवाला दिसत होता.

पण ती मुलगी शहाणी होती. तिने हात मागे घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आज्जी, मी हात नाही लावत. तुम्हीच काढून दाखवा. तुमच्यावर संशय नाही, यंत्र वाजलं म्हणून विचारते. मोठ्या साहेबाचं वाजलं तरी त्यालाही विचारते." आई तिच्याकडे बघत राहिली. मग कनवटीची चंची सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी, आणि अडकित्ता.

तो अडकित्ता वडिलांनी मंगळवार बाजारातून आणलेला. लग्नानंतरचा पहिला बोनस मिळाला तेव्हाचा. दांडीवरची नक्षी झिजून गेली आहे, पाते अजून धारदार आहे. मुलगी म्हणाली, "हा विमानात जवळ ठेवता येत नाही, आज्जी." आईचे डोळे भरले. मोठी बॅग केव्हाच आत गेली होती. मोठ्या शहरात अशा वस्तू एका डब्यात टाकतात आणि माणूस पुढे जातो. आमचा विमानतळ लहान. मला सोडायला आलेला भाचा बाहेर उभा होता. मुलीने तिथल्या एका कर्मचाऱ्याला हाक मारली, त्याने अडकित्ता बाहेर नेऊन भाच्याच्या हातात दिला आणि परत येऊन आईला सांगितले, "दिला बरं का आज्जी." मगच आई पुढे चालली.

आम्ही बाकावर टेकलो. तेवढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी आले. बरोबरची माणसे बाहेरच थांबली होती. पुढाऱ्यांनी घड्याळ काढले, पाकीट काढले, मोबाईल ट्रेमध्ये ठेवला, चौकटीतून आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. जवानाने त्यांच्या काखेपासून पायापर्यंत यंत्र फिरवले. आई टक लावून बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्येलाबी हात वर करायला लावलं की गं!" आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

वाचकहो, मामांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले. बाकीचे निम्मे मी गोव्यात मुलाला आणि इतरांना विचारून, वाचून मिळवले.

विमानतळांवरची ही तपासणी आपल्याकडे हौसेने आलेली नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोन तरुणांनी लाहोरला पळवले. त्यांच्या हातातले पिस्तूल खोटे होते. विमान पुढे तिथे जाळण्यात आले. सप्टेंबर १९७६ मध्ये आणखी एक विमान पळवले गेले. त्यानंतर सरकारने समिती नेमली आणि तिच्या सल्ल्यावरून जानेवारी १९७८ मध्ये विमान प्रवासाच्या सुरक्षेसाठी वेगळा कक्ष उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात दोन तरुणांनी खेळण्यातले पिस्तूल दाखवून विमान वाराणसीला नेले. गंमत म्हणा की दुर्दैव, पुढे ते दोघेही आमदार झाले. आणि डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले, ते तर आपण सर्वांनी आठ दिवस टी.व्ही.वर बघितले. एका तरुण प्रवाशाचा त्यात जीव गेला. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले. काही लहान विमानतळांवर हेच काम राज्याचे पोलीस करतात.

पण मामा म्हणतील, ही मोठी विमाने झाली, आमच्या पंख्याच्या विमानाचे काय? तर तेही ऐका. नॉर्वे देशात डोंगरदऱ्यांत पुष्कळ लहान विमानतळ आहेत. तिथे पूर्वी तपासणी नव्हती. सप्टेंबर २००४ मध्ये अशाच एका छोट्या विमानात एका प्रवाशाने कुऱ्हाडीने वैमानिकांवर हल्ला केला. विमान वेगाने खाली येऊ लागले. प्रवाशांनीच त्याला धरले, म्हणून सगळे वाचले. पुढच्या जानेवारीपासून तिथल्या लहान विमानतळांवरही तपासणी सुरू झाली.

दुसरीकडे न्यूझीलंड बघा. तिथेही फेब्रुवारी २००८ मध्ये एकोणीस आसनांच्या विमानात एका बाईने सुऱ्यांनी वैमानिकांवर हल्ला केला. दोघे वैमानिक जखमी झाले, तरी त्यांनी विमान सुखरूप उतरवले. पण तिथल्या सरकारने विचार करून ठरवले की देशातल्या देशात उडणाऱ्या, ९० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना तपासणी लावायची नाही. खर्च फार, धोका कमी, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गोव्याला जाणारे एटीआर ७२ जातीचे विमान तिथेही उडते, आणि तिथले प्रवासी एस.टी.त चढावे तसे त्यात चढतात. तेव्हा मामांचा प्रश्न वेडगळ नाही. जगातल्या एका शहाण्या देशाने तो विचारून 'नको' असे उत्तर दिले आहे.

मग आपण 'हवी' का म्हणायचे?

पहिले कारण साधे आहे. आगगाडीत काही झाले तर साखळी ओढता येते, गाडी थांबते, माणूस उडी मारतो, गावकरी धावून येतात. आकाशात साखळी नाही. एक पाते सत्तर माणसांना पुरते, आणि विमान कुठे पडेल ते खालच्या वस्तीलाही माहीत नसते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमानांचाच शस्त्रासारखा उपयोग केला गेला. त्या हल्लेखोरांपैकी दोघांनी त्या दिवशीचा प्रवास पोर्टलंड या लहान विमानतळावरून सुरू केला होता. तिथे तपासणी नव्हती असे नाही. होती, पण त्या वेळच्या नियमात चार इंचांहून लहान पात्याचा चाकू चालत असे. आईच्या अडकित्त्याला त्या मुलीने नको का म्हटले, ते मला हे वाचल्यावर कळले.

याचा अर्थ आगगाडीतल्या माणसाचा जीव स्वस्त, असा नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. ती आपल्यासारखीच कामावरून घरी निघालेली होती. लोकलच्या दाराशी लाखो माणसांची झडती रोज घेता येत नाही, हे खरे. पण कॅमेरे, श्वानपथके, पुरेसे पोलीस देता येतात. मामांचे हे म्हणणे मला पटते की विमानतळावर जेवढी काळजी घेतली जाते, तिचा काही वाटा रेल्वे स्टेशनला आणि एस.टी. स्टँडलाही मिळाला पाहिजे. पण त्यासाठी विमानतळावरची काळजी कमी करायला नको.

दुसरे कारण आपल्या गावाच्या स्वभावात आहे. आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. लहान गावात सगळे ओळखीचे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कचेरीत आपण काय बघतो? "हे आपले आहेत, सोडा. ते साहेबांचे पाहुणे, जाऊ द्या." रांग मोडते ती ओळखीने. आणि ज्याची कुणाशी ओळख नाही, तो रांगेत उभा राहतो, त्याचीच पिशवी उलटी होते. उद्या लहान विमानतळ म्हणून तपासणी काढली किंवा ढिली केली, तर काय होईल? माणसावर संशय यायचा तो येतच राहील. मग यंत्र नसेल, तर कपड्यांवरून, बोलण्यावरून, आडनावावरून ठरेल कुणाला थांबवायचे आणि कुणाला सोडायचे. गिरणीच्या गेटवर हेच होत होते. चौकटीतल्या यंत्राला आडनाव कळत नाही. त्याला लोखंड कळते.

म्हणून मी म्हणते, झडती आणि तपासणी यात फरक आहे. काहींचीच घेतात ती झडती. सगळ्यांची होते ती तपासणी. झडतीत माणूस खाली मान घालतो. तपासणीत सगळे जण सारखे हात वर करतात, त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

सगळ्यांची होते, असे मी म्हटले, ते मात्र पुरते खरे नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश अशा पदांना या तपासणीतून सूट आहे आणि त्यांची यादी विमानतळांवर लावलेली असते. आमदार-खासदारांना ती सूट नाही. पदाची म्हणून काही सूट लागत असेलही. पण मला २००९ सालची गोष्ट आठवते. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम दिल्लीहून अमेरिकेला निघाले होते. त्यांना सूट असूनही एका परदेशी विमान कंपनीच्या माणसांनी त्यांची तपासणी केली. देशात त्यावरून गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलाम मात्र निमूटपणे तपासणीला उभे राहिले होते. मोठेपणा सूट मागण्यात नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

आणि तपासणी करणाऱ्यांकडूनही आपली अपेक्षा आहे. यंत्र सर्वांना सारखे असते, पण त्याच्या मागचा हात आणि जीभ सारखी असली पाहिजे. त्या मुलीने हात मागे घेतला नसता, "ए म्हातारे, काढ काय आहे ते" म्हटले असते, तर आई परत फिरली असती आणि पणतीला न बघताच राहिली असती. मग ती तपासणी नियमाने झाली असती, पण आईच्या लेखी ती गिरणीची झडतीच ठरली असती.

पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींसाठी दोन-चार गोष्टी सांगते. ओळखपत्र हाताशी ठेवा. अडकित्ता, विळी, कात्री, नेलकटर मोठ्या बॅगेत टाका आणि कनवटीला काय आहे ते घरूनच बघून निघा. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही पडद्याआड, असा नियम आहे. तो पाळला जात नसेल तर तसे स्पष्ट सांगा. घाबरू नका, पण हुज्जतही घालू नका. दोन तास आधी जा. म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच समजावून सांगा की तिथे काय होणार आहे. मी हे सांगायला विसरले, ती चूक माझी.

गोव्याहून परत येताना आईने मोठ्या विमानतळावर काय केले असेल? रांगेत सगळ्यांच्या आधी पडद्याकडे गेली, चंची स्वतःच सोडून दाखवली आणि तिथल्या बाईला म्हणाली, "बघ बाई नीट. न्हाईतर म्हणशील, म्हातारी होती म्हणून सोडलं." ती बाई हसली, पण यंत्र फिरवायचे राहिले नाही.

परवा कट्ट्यावर मी मामांना हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचे वडीलही गिरणीतच होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेबाची मोटार उघडली म्हणायची एकदाची." मी म्हटले, "सगळ्यांची नाही उघडली अजून, मामा."

अडकित्ता भाच्याकडून परत आला आहे. आई रोज दुपारी ओट्यावर बसून त्याने सुपारी कातरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आपल्या गावच्या विमानतळावर तिने एका पुढाऱ्याला हात वर करून उभे राहिलेले बघितले.